सूसाचं दुसरं बोलावणं

महदिया, ३ मार्च २००२

प्रिय लल्ला बेया,

सलाम, आणि मोठ्या नणंदबाई म्हणून तुमच्या दोन्ही हातांचं चुंबन. कान कसे आहेत? डॉक्टरने दिलेलं यंत्र कानात घालता, की अजून साखरेच्या डब्यातच ठेवलंय? फोन करत नाही म्हणून रागावू नका. मागच्या ईदला मी इकडून ‘ईद मुबारक’ म्हणून ओरडत होते आणि तुम्ही तिकडून ‘कोण गेलं? कधी गेलं?’ म्हणून रडायला लागलात. शेजारणी सांत्वनाला यायच्याच बाकी होत्या. आपली पत्रंच बरी.

इकडे सगळं ठीक. तुमचा भाऊ शादली दिवसभर बंदरावर बोटींच्या इंजिनांखाली असतो आणि संध्याकाळी डिझेलचा वास घेऊन घरी येतो. माझ्या तिसरीच्या वर्गाला भागाकार काही केल्या उतरत नाही. आमच्या सिहेमचं लग्न ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नक्की झालं. मुलगा शांत आहे, तिच्यासमोर तर फारच शांत असतो.

एक विचारायचं होतं. हिनाच्या रात्री मला काही कारणाने पुढे बसायला जमलं नाही, तर माझ्या जागी तुम्ही बसाल का? तिच्या तळहातावर पहिली हिना तुम्ही लावाल? आणि लग्नानंतरही अधूनमधून तिच्याकडे जाऊन राहाल? पोरीला सगळं येतं, पण स्वतःकडे बघणं येत नाही. सहज विचारते आहे, उगाच मनात काही आणू नका.

तुमची भावजय,
दलेंदा

•

केफ, ११ मार्च

दलेंदा पोरी,

‘उगाच मनात काही आणू नका’ असं कुणी लिहिलं, की आणण्यासारखं काहीतरी नक्की असतं. मी उभा जन्म पोस्टात काढला आहे, मला शिकवू नकोस.

आई स्वतःच्या मुलीच्या हिनाला बसणार नाही म्हणजे काय? ती असणार कुठे? मी दोन दिवस डोकं खाजवलं. पहिल्यांदा वाटलं, तुला या वयात दिवस गेले आणि तू लाजतेस. मग वाटलं, नाही, ही माझ्या भावाला सोडून चालली. तसं असेल तर सरळ सांग. मी त्याची सख्खी बहीण असले तरी माणूस कसा आहे ते मला ठाऊक आहे. लहानपणी तो तीन-तीन दिवस बोलायचा नाही, आणि आई विचारायची, ‘बेया, ह्याचं तोंड शिवलंय का बघ गं.’ पण मनाचा वाईट नाही. तू निघायच्या आधी मला एकदा कळव, मी येऊन त्याचे कान उपटते.

आणि दिवस गेले असतील तर मुबारक. मी कुणाला सांगणार नाही. मला कुणी काही विचारलं तर ऐकूच येत नाही.

आता पुढचं पत्र सरळ लिही.

बेया

•

महदिया, १७ मार्च

प्रिय लल्ला बेया,

तुमचं पत्र शाळेत वाचलं आणि मधल्या सुट्टीत एकटीच हसत सुटले. मग रडले. दिवस गेलेले नाहीत. मी कुठे जातही नाही, निदान आपणहून तरी नाही.

सरळ लिहिते. फेब्रुवारीत दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली. तिने आम्हा वयाने मोठ्या शिक्षिकांना छातीचा फोटो काढायला सूसाच्या इस्पितळात धाडलं. मॅमोग्राफी म्हणतात त्याला. आम्ही पाचजणी सहलीला निघाल्यासारख्या लुआजच्या भाड्याच्या गाडीत कोंबून गेलो. तिथे दोन थंड पाट्यांमध्ये छाती अशी दाबतात की डोळ्यांतून पाणी येतं. बाहेर आल्यावर आम्ही एकमेकींची थट्टा करत सँडविच खाल्ली. पंधरवड्यानंतर चौघींना ‘सर्व ठीक’ असं पत्र आलं. मला दुसरंच आलं. डाव्या बाजूला काहीतरी दिसलं आहे, पुन्हा या; आणखी फोटो काढू, सोनोग्राफी करू आणि गरज वाटली तर सुई घालून तुकडा काढू. तारीख दिली आहे १६ एप्रिल. ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते त्यात नाही.

हे तुम्हांला लिहायला माझा हात धजत नव्हता. तुम्हांला कुणाची आठवण होईल ते मला माहीत आहे. तुमची धाकटी बहीण. नेझिहा गेली तेव्हा सिहेम पाटीवर अक्षरं गिरवत होती. शादली दर आठवड्याला नेझिहाला घेऊन ट्युनिसला जायचा आणि परत यायचा. तेव्हापासून आजवर त्याने तिचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आता त्याच माणसासमोर मी हे पत्र कसं ठेवू? तुम्हीच सांगा. नाहीच ठेवणार. जे काय असेल ते कळल्यावर बघू. तुम्हीही त्याला सांगायचं नाही.

घरात मी नीट वागते. पण न्हाणीघरात गेले की हात आपोआप तिथे जातो. कधी वाटतं, लागतंय काहीतरी. कधी वाटतं, काहीच नाही. चाचपून चाचपून आता ती बाजू खरंच दुखते, आणि दुखते म्हणून आणखी भीती वाटते. परवा फळ्यावर एकच गणित दोनदा लिहिलं, तर पोरं म्हणाली, ‘बाई, हे झालंय.’ बाजारात गेले की बायकांच्या छातीकडेच बघत राहते. हिचं ठीक असेल का? हिने फोटो काढला असेल का? मासळीवाली म्हणाली, ‘काय बाई, माझा नवा स्वेटर आवडला वाटतं?’

दलेंदा

•

केफ, २४ मार्च

पोरी,

तुझं पत्र वाचलं. मी मुळीच घाबरलेले नाही. वर डाग पडलाय तो कॉफीचा आहे.

नेझिहाचं मी तुला सांगते, कारण तुझ्या घरात कुणी सांगणार नाही. तिला स्वतःला हाताला गाठ लागली होती, चांगली अक्रोडाएवढी. कातडी आत ओढली गेली होती. ती वर्षभर शालीआड लपवून हिंडली. कुणाला सांगायला लाजली. आम्हांला कळलं तेव्हा तिला हात वर करून कपडे वाळत घालता येत नव्हते. तुझं तसं नाही. तुला काही लागलेलं नाही, यंत्राला दिसलंय, आणि यंत्राला माणसापेक्षा चारपट जास्त दिसतं. इथे आमच्या गल्लीतल्या सुईणीच्या सुनेलाही असंच परत बोलावलं होतं. निघालं काय, तर दुधाची जुनी गाठ. सगळ्यांचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. मला डॉक्टरकी येत नाही. पण बोलावलं म्हणजे झालंच, असंही समजू नकोस.

आता कामाचं ऐक. आधी चाचपणं बंद कर. तू भाकरीचं पीठ इतकं मळलंस तर तेही दुखेल. दुसरं म्हणजे भीतीला घरभर फिरू देऊ नकोस. माझा नवरा गेला तेव्हा ती मला स्वयंपाकघरात, अंथरुणात, पोस्टाच्या खिडकीत, सगळीकडे गाठायची. मग मी तिला छतावर नेऊन ठेवली. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला वर जायचं, तिथे पोटभर घाबरायचं, रडायचं असेल तर रडायचं, आणि कपडे घेऊन खाली यायचं. दिवसा मधेच आली तर तिला सांगायचं, ‘संध्याकाळी वर भेट.’ हसू नकोस. करून बघ.

आणि तिसरं, शादलीला सांग. तो काचेचा नाही.

बेया

•

महदिया, ८ एप्रिल

प्रिय लल्ला बेया,

छतावर जाते. पहिले काही दिवस नुसतीच उभी राहिले, घाबरावंसंच वाटेना. आता रोज जमतं. समुद्राकडे तोंड करून मनात येईल ते सगळं पुटपुटते आणि कपडे घेऊन खाली येते. वर्गात आता निदान गणितं चुकत नाहीत. पण समोरच्या छतावरची झोहरा सिहेमला म्हणाली, ‘तुझी आई रोज सजूनधजून वर येते आणि एकटीच बोलते, कुणी आहे की काय पलीकडे?’ पन्नाशीला आलेल्या बाईची ही अब्रू!

पण लल्ला, आता दुसरंच भूत उभं राहिलंय. सूसाहून पत्र आलं, यंत्र दुरुस्तीला काढलंय, १६ ऐवजी ३० एप्रिलला या. ते वाचून मी पाकीट टराटरा फाडलं. एवढे दिवस कसेबसे ढकलत आणले होते, आणि पुढे आणखी तेवढेच!

आणि शादलीचं काहीतरी बिनसलंय. गेला आठवडाभर तो लवकर घरी येतो. शोरब्यात मीठ दुप्पट पडलं तरी गुमान खातो. स्वयंपाकघरातला नळ सिहेम शाळेत होती तेव्हापासून गळतोय, तो आपणहून दुरुस्त केला. आणि परवा सकाळी बघते तर मिशी नाही! तीस वर्षांची मिशी! मी विचारलं, ‘हे काय?’ तर म्हणतो, ‘गरम होत होतं.’ एप्रिलमध्ये? शुक्रवारी इंजिनाचा सुटा भाग आणायला स्फाक्सला जातो म्हणून गेला आणि संध्याकाळी हात हलवत परत आला, डोळे लाल. भाग कुठे, विचारलं, तर म्हणाला, ‘मिळाला नाही.’

माझ्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात? माणूस मिशी कुणासाठी काढतो? मला वाटतं, बाहेर कुणीतरी आहे. हसू नका. मला वाटायचं, माझ्या डोक्यावर आहे त्यापेक्षा जास्त ओझं मावणार नाही. मावतं.

दलेंदा

•

केफ, १५ एप्रिल

पोरी,

बाहेर कुणीतरी! माझ्या भावाची! ज्या माणसाला स्वतःच्या पायातली चप्पल सापडत नाही, त्याला बाहेर बाई सापडणार? आणि सापडली तर तो तिच्याशी बोलणार काय? इंजिनाबद्दल?

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. पण तू हसू नकोस. तू आजच्या आज त्याला सांग. का, ते विचारू नकोस. मी मोठी आहे, सांगते म्हणून ऐक. घरात दोन माणसं, आणि दोघं दोन भिंतींकडे तोंड करून बसलेली. मला हे इथे बसून सोसत नाही. मी सगळ्यांच्या मधे अडकले आहे. याहून जास्त मी लिहिणार नाही.

त्याच्या अंगठ्याला भाजलंय त्यावर मध लाव, टूथपेस्ट नको. त्याला कुणीतरी टूथपेस्ट सांगितलीय.

तारीख पुढे गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. घाईत काढलेल्या फोटोपेक्षा दुरुस्त यंत्रातला फोटो बरा.

बेया

•

महदिया, २१ एप्रिल

प्रिय लल्ला बेया,

त्याच्या अंगठ्याचं तुम्हांला कसं कळलं?

मी ते लिहिलंच नव्हतं. मी माझं पत्र पुन्हा आठवून पाहिलं. नळ लिहिला, मिशी लिहिली, शोरबा लिहिला, पण अंगठा नाही. आणि टूथपेस्ट त्याला बंदरावरच्या माणसांनी सांगितली होती. तुमचं पत्र हातात घेऊनच मी शाळेतून तडक बंदराकडे निघाले. त्याच्या वर्कशॉपमध्ये मी किती वर्षांत पाय ठेवला नव्हता!

एक निळी बोट लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि तिच्याखालून शादलीचे दोन पाय बाहेर आलेले. बाकी काही दिसत नव्हतं. मी पायांसमोर उभी राहिले.

म्हटलं, ‘स्फाक्सला गेला नव्हतास तू. केफला गेला होतास.’

आतला पान्ह्याचा आवाज थांबला. मग आतून प्रश्न आला, ‘बेयाने सांगितलं?’

‘तिने नाही सांगितलं. अंगठ्याने सांगितलं.’

‘हं.’

‘का गेला होतास?’

‘फोन आला होता,’ तो म्हणाला. ‘इस्पितळातून. यंत्र बिघडलंय, मादाम दलेंदांची तारीख बदलली, तिथली बाई म्हणाली. कसली तारीख, विचारलं. तिने सांगितलं. मग मी म्हटलं, तिला पत्राने कळवा. फोन मी घेतला होता हे सांगू नका.’

लल्ला, म्हणजे त्याला ते पत्र यायच्या आधीपासून माहीत होतं! मी घरभर तोंड लपवत फिरत होते आणि तो सगळं माहीत असून खारट शोरबा गिळत होता.

मी म्हटलं, ‘मग बोलला का नाहीस?’

‘तू तरी कुठे बोललीस?’

‘तुला नेझिहाचं आठवेल म्हणून.’

तिचं नाव घेतलं आणि मलाच धस्स झालं. पाय हलले नाहीत. मी तिथेच एका उलट्या खोक्यावर बसले. तो बोटीखालीच होता. बाहेर ये, असं मी म्हटलं नाही. मला वाटतं, बाहेर आला असता तर बोललाच नसता.

मग तो म्हणाला, ‘शेवटी शेवटी ती मला म्हणाली होती, तू असं तोंड करून माझ्यासमोर बसू नकोस, तुझ्या तोंडाकडे बघून मला जास्त भीती वाटते. मला वाटलं, तुलाही तसंच वाटेल. म्हणून ठरवलं, तू सांगेपर्यंत आपण चेहरा सरळ ठेवायचा.’

‘आणि मिशी?’

‘चेहरा सरळ राहिला. हात राहिला नाही. कात्री धरली तर एक बाजू जास्त कापली गेली. मग दुसरी. मग राहिलीच काय?’

मी एवढी हसले की पलीकडच्या बोटीवरचे लोक बघायला लागले. हसता हसता रडले. तेव्हा तो बाहेर आला, तोंडभर वंगण आणि डोळ्यांखाली दोन स्वच्छ रेघा. मी ओढणीने पुसायला गेले तर आणखी पसरलं.

संध्याकाळी आम्ही दोघं छतावर गेलो. झोहराला आता बघू दे काय बघायचं ते. सिहेमलाही त्याच दिवशी सांगितलं. ती आधी चिडली, मग माझ्या कुशीत शिरून झोपली, लहानपणीसारखी.

तुम्हांला मधे अडकवलं त्याबद्दल तुमची माफी मागते. ३० तारखेला तो माझ्याबरोबर येतोय.

दलेंदा

•

केफ, २६ एप्रिल

पोरी,

सुटले बाई एकदाची! त्या दिवशी तो अचानक दारात उभा. लुआजमधून उतरला तो थेट माझ्या अंगणात येऊन बसला आणि तासभर कोंबड्यांकडे बघत राहिला. मला वाटलं, तू गेलीसच. मग त्याने कागद मागितला आणि लिहून दाखवलं, कारण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने ते बोलणं त्याला जमेना. वर शपथ घातली. एकीकडे तुझी शपथ, दुसरीकडे त्याची. अंगठ्याचं मी मुद्दाम लिहिलं की चुकून, ते मलाही सांगता येणार नाही.

३० तारखेला जा. घाबरलीस तर घाबर. घाबरून गेलं तरी फोटो तसाच येतो.

किराणावाल्या खमीसच्या दुकानातला फोन नंबर शादलीकडे आहे. काही कळलं की तिथे कळवायचं. खमीस मला येऊन सांगेल.

बेया

•

महदिया, २ मे

प्रिय लल्ला बेया,

झालं. म्हणजे तपासणी झाली, निकाल अजून नाही.

आधी पुन्हा फोटो काढले, यावेळी एकाच जागेवर, आणखी जोरात दाबून. मग सोनोग्राफी. डॉक्टरीण सिहेमच्याच वयाची असावी, केसांना पेन्सिल खोचलेली. ती पडद्याकडे बघत होती आणि मी तिच्या तोंडाकडे. भुवई जराशी हलली की माझा जीव वरखाली. शेवटी मीच म्हटलं, ‘बाई, काही असेल तर बोला. मी शिक्षिका आहे, पेपर तपासताना असं तोंड मीही करते.’ ती हसली. म्हणाली, ‘गाठ आहे. लहान आहे, कडा गुळगुळीत आहेत, हे चांगलं लक्षण. पण नुसतं बघून मी खात्री देत नाही. सुई घालू.’

सुईचा आवाज स्टेपलरसारखा येतो. दुखण्यापेक्षा त्या आवाजाने जास्त दचकायला होतं. बाहेर शादली भिंतीला टेकून उभा होता. खुर्च्या सगळ्या रिकाम्या असताना उभा! आत एक म्हातारी बाई माझ्या आधी गेली आणि बाहेर आली ती कुणाशी न बोलता सरळ निघून गेली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. मी तिच्या मागे जाणार होते, तेवढ्यात माझं नाव पुकारलं. ती डोळ्यांसमोरून जात नाही.

निकाल ११ तारखेला. तोवर मी सिहेमच्या लग्नाच्या गाद्यांची लोकर धुवायला काढली आहे. सगळं छत लोकरीने भरलंय, घाबरायला जागाच नाही. शादली डाव्या हाताला वजन उचलू देत नाही. काल मी एक रिकामी टोपली उचलली तर धावत आला.

दलेंदा

•

केफ, १३ मे

पोरी, माझ्या पोरी,

शनिवारी सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते. दार उघडं होतं. बघते तर खमीस गल्लीतून पळत येतोय. खमीस! दुकानाला आग लागली तरी जो चालत बाहेर येईल! माझे हात पिठातच राहिले. मनात म्हटलं, चांगली बातमी घेऊन कुणी असं पळत नाही. तो दारात आला आणि ओरडायला लागला. मला त्याचं तोंड उघडमीट होताना दिसतंय, गाल लाल झालेले दिसतायत, ऐकू काहीच येत नाही. कानातलं यंत्र साखरेच्या डब्यात. तू म्हणतेस तसंच. मी नुसती मान हलवत होते, नाही, नाही म्हणून. शेवटी तो आत आला, माझ्या परातीशेजारी पीठ पसरलं होतं, त्यात बोटाने लिहिलं, ‘साधी गाठ. तो आजार नाही.’

मी ते दोनदा वाचलं. मग जमिनीवर बसले. जीव भांड्यात पडतो म्हणतात ना, माझा परातीत पडला. खमीस बिचारा पाणी आणायला धावला आणि तेवढ्यात बाहेर गल्ली जमा झालेली, कारण मला सोडून सगळ्या केफला ऐकू गेलं होतं. माझ्या भावजयीच्या छातीची खबर आता न्हावी, मशिदीचा बांगी आणि दोन्ही शाळांचे मास्तर यांना आहे. क्षमा कर. पण तुला सांगते, बायका मिठ्या मारत होत्या, एकीने आनंदाच्या लांबलचक आरोळ्या, झगारीत, घातल्या. मी रडत होते आणि हातांचं पीठ सगळ्यांच्या पाठीला लागत होतं.

त्याच पिठाच्या भाकरी केल्या. संध्याकाळी बोर्झगेनही केलं, कोकराचं मांस, खजूर, बदाम घालून, नुसत्या लोण्यात. घरोघर वाटलं.

माझं पत्र ओलं झालंय. यावेळी कॉफी नाही.

बेया

•

महदिया, १९ मे

प्रिय लल्ला बेया,

तुमचं पत्र आम्ही तिघांनी मोठ्याने वाचलं. सिहेमला पुढे वाचवेना, म्हणून शादलीने वाचलं.

त्या दिवशीचं सांगते. डॉक्टरिणीने कागद उघडला आणि पहिलं वाक्य बोलली, ‘कॅन्सर नाही.’ आपण सगळे ‘तो आजार, तो आजार’ म्हणत राहतो. ती बाई सरळ नाव घेऊन ‘नाही’ म्हणाली. मला तो शब्द इतका आवडला की मी म्हटलं, ‘पुन्हा म्हणा.’ ती पुन्हा म्हणाली. मग तिने समजावलं, अशी गाठ पुष्कळ बायकांना असते, काढायचीही गरज नाही. पण सहा महिन्यांनी परत येऊन दाखवायचं. त्या ‘परत’ने हात पुन्हा डाव्या बाजूकडे गेला, खोटं कशाला बोलू? पण मीच तो खाली घेतला.

आनंदाने नाचेन असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. भूक लागली. इस्पितळासमोरच्या गाडीवर मी गरम चण्यांच्या लबलाबीचा वाडगा संपवला आणि दुसरा मागितला. शादली आपला वाडगा तसाच ठेवून मला बघत होता. मग म्हणाला, ‘नेझिहाला लबलाबीत जिरं जास्त लागायचं.’ मी चमचा खाली ठेवला. परत येताना पूर्ण रस्ताभर तो तिच्याबद्दल बोलत होता. ती ऑलिव्हच्या झाडावरून पडली ते, तिने त्याची सायकल विहिरीत ढकलली ते. लुआजमधले अनोळखी लोकही हसत होते. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला, ऐकायला.

ती सूसाची म्हातारी मला आठवते. नोव्हेंबरमध्ये जाईन तेव्हा शाळेतल्या त्या चौघींनाही घेऊन जाणार आहे, आणि तिथे कुणी एकटी बसलेली दिसली तर तिच्याशेजारी बसणार आहे.

हिनाच्या रात्री मी माझ्या जागी बसेन. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. पहिली हिना तरीही तुम्हीच लावायची.

आणि आता एक मी सांगते, तुम्ही ऐका. तुम्ही नेझिहाची बहीण. माझ्याआधी तुम्ही जायला हवं होतं. तुम्ही फोटो काढलात का कधी?

दलेंदा

•

केफ, १० जून

पोरी,

नव्हता काढला. काय तो दोष दे. मी दुसऱ्यांना छतावर पाठवते आणि स्वतः तळघरात बसते.

परवा जाऊन आले. सुईणीची सून, तिची आई आणि मी. पांढरी सफसारी अंगभर पांघरून, पावडर लावून गेले, तर तिथली मुलगी म्हणते, पावडर पुसा, फोटोत डाग दिसतात. पुसली. मग त्या पाट्यांत मला घातलं. तू लिहिलं होतंस त्याहून दुप्पट दाबतात, आणि मी तर काही दाबण्याजोगी उरलेलीही नाही. मुलगी काचेमागे गेली आणि तिथून काहीतरी ओरडली. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी विचारलं, ‘काय म्हणतेस गं?’ ती पुन्हा ओरडली. मी पुन्हा विचारलं. फोटो हलला. परत काढला, परत हलला. तिसऱ्यांदा ती वैतागून बाहेर आली आणि माझ्या तोंडासमोर येऊन, गाल फुगवून, हाताने दाखवून म्हणाली, ‘आजी, श्वास रोखून धरा! श्वास!’

मी म्हटलं, ‘पोरी, मार्चपासून धरला होता, आत्ता कुठे सोडलाय. थांब जरा.’

ती काय समजली कोण जाणे, पण हसली. मग मीही पुन्हा धरला, तिने सांगितलं तेवढाच.

आज सकाळी निकाल मिळाला. दोन्ही बाजू स्वच्छ. मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येते, दोन कोंबड्या आणि तूप घेऊन. शादलीला म्हणावं, स्टँडवर न्यायला ये, आणि तोवर मिशी वाढव. लग्नाच्या फोटोत मला माझा भाऊ ओळखू आला पाहिजे.

तुझी,
बेया